केर कुणी चोरत नाही

हा-सेक्वाती
६ एप्रिल

लिनेओ,

फोन तू उचलत नाहीस. वाजवून वाजवून माझेच पैसे गेले, म्हणून लिहितेय. कागद हातात पडला की वाचावाच लागतो.

न्ताते सेलोकोनं काल टॅक्सी थेट आपल्या अंगणाशी उभी केली आणि सगळ्या उतारूंच्या देखत तुझा निरोप सांगितला. जुलैच्या शेवटी लिनेओ येणार, स्वतःची मोटार घेऊन, आणि आईला ब्लोमफाँटेनला नेणार, कायमची. गाडीतल्या बायकांनी तिथल्या तिथे टाळ्या वाजवल्या. एक म्हणाली, "लेक असावी तर अशी!" मी तळणीचं तेल गाळत होते. ते तिच्या अंगावर गेलं नाही, हे तिचं नशीब.

माझं उत्तर एवढंच. येऊ नकोस.

आता तिकीट लावायचंच आहे तर बाकीचंही लिहिते.

आधी नावाचं. नाताळला कार्ड पाठवलंस, त्यावर 'आउसी मात्लाकाला' असं मोठ्या अक्षरात. पोस्टातल्या पोरीनं ते सगळ्यांसमोर वाचलं आणि फिस्सकन हसली. मला बाप्तिस्म्याचं नाव आहे. अगाथा. फादर सोडून कुणी त्या नावानं हाक मारत नाही, पण म्हणून ते नाव नाही असं होत नाही. पुढच्या वेळी तेच लिही.

आई अंगानं बरी आहे. आंबील पिते, उन्हात बसते, पाय सुजतात तेवढंच. सकाळी जेवली ते दुपारी आठवत नाही. थाबिसो गुरं घेऊन डोंगरावर गेलाय म्हणते. थाबिसो! आपला थोरला, धड चालताही येत नव्हतं तेव्हा गेला. अख्खं गाव तिला अजून माथाबिसो म्हणजे थाबिसोची आई म्हणून हाक मारतं, आणि तो गेलाय हेच ती विसरली. त्याच्या पाठची मुलगी तर तिच्या लेखी झालीच नव्हती.

ती दोन गेली म्हणून माझं नाव मात्लाकाला, म्हणजे केर, ठेवलं. मरण दारात आलं तर त्याला वाटावं, इथे काय आहे, केरकचरा, आणि त्यानं परत जावं. लहानपणी मी रडायला लागले की हेच सांगून सगळे माझी समजूत काढायचे. बरं, मानलं. पण मी जगले ना? दात आले, चालले, तिसरीपर्यंत शाळेत गेले. मग तरी एकदा नीट हाक मारायची होती. ते नाही. आठ वर्षांनी तू आलीस आणि तुझं नाव थेट लिनेओ. देणगी! तुझ्या वेळी मरणाला गावचा रस्ता ठाऊक नव्हता वाटतं. मला तिसरीतून काढलं, कारण देणगी बांधायला एक पाठ हवी होती.

आणि तुझं? तुझं सगळं आठवतं तिला. तू चर्चमध्ये गायलीस ते. तुझा निळा झगा. तू शाळेतून बक्षीस म्हणून कात्री आणलीस ते. ती कात्री अजून तिच्या उशाशी आहे, बोथट, कशाला उपयोगाची नाही.

गेल्या हिवाळ्यात मी तिला ब्लँकेट घेतलं. चांगलं, लोकरीचं, कणसाच्या नक्षीचं. वर्षभर शाळेच्या फाटकाशी पिठाचे गोळे तळून विकले तेव्हा घेतलं. पलीकडची म्मे मालेबोना आली.

"म्मे माथाबिसो, ब्लँकेट नवं दिसतंय!"

"माझ्या लिनेओनं पाठवलंय. हात लाव, हात लाव. ऊब बघ."

म्मे मालेबोनानं माझ्याकडे बघितलं. दुकानात माझ्याबरोबर तीच होती. "लिनेओला पारख आहे हो," म्हणाली आणि मला डोळा मारला. मला नाही आलं हसू.

हो, जळते मी. लिहून देते, जळते. तू सीमेपलीकडे बसून काही न करता सगळं मिळवलंस. मी इथे तिला अंघोळ घालते, नखं कापते, आणि मला ती म्हणते, "ए." फार खुशीत असली, घाट्यात साखर जास्त पडली, की मग म्हणते, "लिनेओ, गुणाची गं माझी." मी वाटी उचलून विसळायला नेते.

येऊ नकोस.

अगाथा


हा-सेक्वाती
२ मे

लिनेओ,

तुझं पत्र आलं. पाकिटावर अगाथा लिहिलंस, बरं केलंस. आत मात्र 'लाडक्या आउसी' म्हणून सुरुवात आहे, ताई म्हणायची गरज नव्हती.

तू लिहितेस, तिकडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वय झालं की माणसाचं मन गोड तेवढं धरून ठेवतं आणि कडू गळून जातं. देवाची कृपा समजा म्हणाल्या. छान. मग मी कडू, म्हणून गळले का? हे विचार तुझ्या बाईंना. माझा काय गुन्हा म्हणून मी गळले आणि तू राहिलीस?

शिवाय हे त्यांच्या तिकडच्या म्हाताऱ्यांचं असेल. आपल्या गावात येऊन बघावं त्यांनी. न्ताते खोआपा आठवतो? बैलांचा. आता नव्वदीला आला असेल. डोळे गेले, सुनेचं नाव विसरला. पण तरुणपणी भाच्याच्या लग्नात त्याला मामाच्या मानाचा वाटा न देता बैलाच्या मानेचं मांस वाढलं, ते त्याला काल घडल्यासारखं आठवतं. कुणी वाढलं, काय म्हणाला, कोण हसलं, सगळं. दर रविवारी झाडाखाली बसला की पोरंसोरं मुद्दाम विचारतात, "न्ताते, त्या लग्नात काय झालं हो?" आणि तो सुरू होतो, आणि सगळे "अरेरे" करतात, जसं काही पहिल्यांदाच ऐकतायत. कसं गळेल मग? आपल्याकडे दुःख चार माणसांत वाढून खातात. एकटं ठेवत नाहीत त्याला.

म्हणून तर मला कळत नाही. ज्या गावात मानेचं मांस साठ वर्षं टिकतं, तिथे तू केलंस ते आईच्या डोक्यातून गेलं कसं?

मला आठवतं ते, घाबरू नकोस. तू त्या कारकुनाबरोबर पळून गेलीस, ते सोड. पळून सगळ्याच जातात, मग जावयाकडचे गुरं घेऊन येतात आणि मिटतं. तुझ्यापायी गुरं सोड, कोंबडीही आली नाही. पण तेही सोड. बाबा गेले. खाणीतून छाती पोखरून आले होते, जाणारच होते. तुला निरोप धाडला. आई गादीवर बसून होती, डोक्यावरून पांघरूण घेऊन, आणि प्रत्येक गाडीच्या आवाजाला पांघरूण बाजूला करत होती. विधवेनं असं करायचं नसतं, बायका दटावत होत्या, तरी करत होती. माती झाली. नंतर सगळ्यांचे केस उतरवले, माझे, चुलत्यांचे, लहान पोरांचे सुद्धा. आईनं नवं ब्लेड कागदात गुंडाळून ठेवलं. म्हणाली, "हे लिनेओचं. तिला बापासाठी डोकं नागडं करायचंय." ते ब्लेड गंजलं. मग एक दिवस तिनं ते उकिरड्यावर टाकलं आणि म्हणाली, "मला एकच मुलगी आहे."

एकच. हे तिचे शब्द होते. मला त्या दिवशी बरं वाटलं होतं, लिनेओ. देवाला ठाऊक आहे, मला फार बरं वाटलं होतं.

आणि आता तेच ती विसरली.

अगाथा


हा-सेक्वाती
२५ मे

लिनेओ,

हे पत्र लिहायचं नव्हतं. पण म्मे मालेबोना म्हणते, तू नाही लिहिलंस तर मी लिहीन, आणि तिला लिहिता येत नाही, म्हणजे ती शाळामास्तराकडून लिहून घेणार, आणि मग गावभर होणार.

मका खुडून झाला. कणसं भाजली की आई त्यातलं सगळ्यात भरलेलं निवडते आणि ब्लँकेटखाली ठेवते. "हे लिनेओला. शाळेतून येईल, भुकेली असेल." रोज. संध्याकाळी ते गार कणीस मी कोंबड्यांना टाकते. त्या दिवशी नाही टाकवलं. माझ्या डोक्यात काय शिरलं कुणास ठाऊक.

मी म्हटलं, "ती येणार नाही."

"येईल. शाळा सुटली की येते ती."

"आई, ती बाबांच्या मातीला आली नाही."

"कुणाच्या मातीला?"

"बाबांच्या. आपल्या बाबांच्या. तुझ्या नवऱ्याच्या. तू गादीवर बसून वाट बघितलीस. तिच्यासाठी ब्लेड ठेवलंस. ती आली नाही. तू म्हणालीस, मला एकच मुलगी आहे. म्हणालीस की नाही?"

मी ओरडत होते बहुतेक. म्मे मालेबोनाला कुंपणापलीकडे ऐकू गेलं म्हणजे ओरडतच असणार.

आईनं माझ्याकडे बघितलं. सगळं तिच्या तोंडावर एकदम आलं, जसं पहिल्यांदाच कुणी सांगतंय. नवरा गेला, लेक आली नाही, दोन्ही एकाच वेळी. हातातलं कणीस पडलं. ती रडली, लिनेओ. म्हातारी माणसं रडतात तसं नाही, बाबांच्या वेळी रडली होती तसं.

मला वाटलं, बरं झालं. आता कळलं तिला कोण आली नाही ते. आता तरी बघेल माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला काही आठवत नव्हतं. बाबा आठवत नव्हते, ब्लेड नाही, मी काय बोलले तेही नाही. पण रडू तिथेच होतं. कारण गेलं आणि रडू राहिलं. घाट्याची वाटी हातात घेऊन बसली आणि डोळ्यांतून नुसतं पाणी. मला विचारते, "कोण गेलं गं? मला कुणी सांगत का नाही? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, आई."

"मग माझ्या छातीत काय आहे हे?"

काय सांगू? माझं काम आहे ते, म्हणू? तिसऱ्या दिवसापर्यंत ती शेजारणींना विचारत होती, कोण गेलं, माती कधी आहे, ब्लँकेट घालून येते मी. म्मे मालेबोना माझ्या अंगणात आली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "अगाथा की कोण तू, ऐक. विष घातलं असतंस तर बरं झालं असतं. ते तरी पोटातून बाहेर पडतं."

चौथ्या दिवशी रडू गेलं. उन्हात बसली, पाय पसरले, मला म्हणाली, "ए, लिनेओ आली का शाळेतून?"

म्हणजे बघ. रडली तीही तुझ्यासाठी. हसते तीही तुझ्यासाठी. मी मध्ये नुसती वाढपी.

अगाथा


हा-सेक्वाती
२३ जून

लिनेओ,

ये आणि घेऊन जा तिला. मी भांडणार नाही. तिचे कपडे धुऊन गाठोडं बांधून ठेवलंय. औषधं वेगळी बांधली आहेत, पाय सुजले की लाल गोळी, रोज नाही.

विचारशील काय झालं, तर सांगते, म्हणजे ब्लोमफाँटेनला गेल्यावर तिथल्या बायकांना सांगायला तुला गंमत होईल.

चर्चच्या गुरुवारच्या बायका आल्या होत्या, खांद्यावर जांभळ्या केपा घालून, आईसाठी प्रार्थना करायला. मी आदल्या दिवशी सगळं घर शेणानं सारवलं, बोटांनी नक्षी काढली, पाव भाजला. त्यातली मोठी, म्मे माखोत्सो, कधी कुणाचं बरं बोलत नाही. ती पाव खाऊन, हात पुसून, उभी राहून म्हणाली, "म्मे माथाबिसो, तुमच्यावर देवाची कृपा आहे. ही तुमची थोरली म्हणजे सोनं आहे. सगळ्या जिल्ह्यात अशी लेक नाही. देवानं हिला शंभर वर्षं द्यावीत."

लिनेओ, मला बावन्नावं आहे. माझ्याबद्दल असं सगळ्यांच्या देखत कुणी बोललं नव्हतं. माझे कान तापले. मी आईकडे बघितलं. वाटलं, आता तरी मान हलवेल. हो म्हणेल. काही नाही तर हसेल.

तिचं तोंड एकदम कडक झालं. "ही?" म्हणाली. "कुठली लेक? केर आहे तो. राखेच्या ढिगाऱ्यावर पडला होता, मी उचलून आणला. सोनं म्हणे! कामाची नाही, रूपाची नाही, फुकट दिली तरी कुणी नेणार नाही. बघू नका तिच्याकडे. पाव खा."

म्मे माखोत्सोनं खाली बघितलं. मी चहाची भांडी गोळा केली. काय करणार?

त्या गेल्या आणि हिनं चुलीतली राख मूठभर घेऊन माझ्या ताज्या सारवलेल्या उंबऱ्यावर फेकली. नक्षीवर. मी दिवसभर कंबर मोडून काढलेल्या नक्षीवर! मी म्हटलं, "का? का करतेस असं?" तर मला हातानं बाजूला सारलं आणि दार लावून घेतलं.

तुझ्या डॉक्टरीणबाईंना सांग, गोड तेवढं राहतं हे खोटं आहे. तुझ्या वाट्याला गोड राहिलं. माझ्या वाट्याला केर आठवतो तिला. बाकी सगळं विसरली, नवरा विसरली, पोटची मेलेली पोरं विसरली, पण मला केर म्हणायचं विसरली नाही. एवढं एक मात्र देवानं तिच्याकडे शिल्लक ठेवलं.

तू जुलैअखेर येणार होतीस. लवकर आलीस तरी चालेल.

अगाथा


हा-सेक्वाती
१५ जुलै

लिनेओ,

तुझं पत्र मिळालं. खोलीला पिवळा रंग दिलास, नळाला गरम पाणी आहे, पलंग घेतलास, दाराला दोन कुलपं आहेत, चोर येत नाहीत. वाचलं सगळं. आता मी सांगते ते नीट वाच, आणि घाईत वाचू नकोस.

मी आजारी होते. डोंगरावर बर्फ पडलं, त्या वाऱ्यात मी फाटकाशी उभी राहिले, कारण थंडीत पोरं जास्त गोळे खातात. छातीत भरलं. पहिल्या दिवशी चालले, दुसऱ्या दिवशी चूल पेटवता आली नाही. त्यानंतरचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं.

जाग आली तेव्हा दिवस बराच वर आला होता आणि मला थंडी वाजत होती. बघते तर अंगावर ब्लँकेट नाही. ते कणसाच्या नक्षीचं मी आदल्या संध्याकाळी ओढून घेतलं होतं, आईला दुसरं जाड घालून. ते काढून नेलेलं. माझ्या अंगावर काय, तर गोवऱ्यांचं पोतं. खरखरीत, शेणाच्या वासाचं. आणि तोंडाला हात लावला तर बोटं काळी. कपाळभर, गालभर राख.

माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? लिनेओचं ब्लँकेट म्हणून काढून घेतलं. मरतानाही मला ते घेऊ देत नाही. तुझी शपथ, ताप उतरायच्या आत मला तुझा मत्सर आला.

मग बाहेर बोलणं ऐकू आलं. न्ताते सेलोकोचा आवाज.

"म्मे, मी सेलोको. टॅक्सीवाला. अगाथाला दवाखान्यात न्यायला आलोय, म्मे मालेबोनानं बोलावलं."

"इथे कुणी नाही."

"म्मे, आत आहे ना ती. ताप आहे तिला. जाऊ द्या मला आत."

"काय आहे आत? केर आहे. घरचा केर. तू केर न्यायला आलास? जा, दुसरं दार बघ."

"म्मे माथाबिसो, अहो, हा सेलोको आहे!" ही म्मे मालेबोना. "थोरलीला घेऊन जायला आलाय!"

"घेऊन जायला!" आई अशी किंचाळली की कोंबड्या उडाल्या. "थोरली नाही मला! मला मुलंच नाहीत! केर आहे तो, सांगितलं ना, केर! केर कुणी चोरत नाही!"

मी भिंतीला धरून दारापर्यंत गेले. लिनेओ, ती उंबऱ्यात उभी होती. सुजलेल्या पायांवर, काठी न घेता. दोन्ही हात चौकटीला लावून दार अडवलेलं. उंबऱ्यावर राखेची जाड रेघ. समोर सेलोको, काळा ओव्हरकोट घालून, टोपी छातीशी धरून, बिचाऱ्याला घाम फुटलेला त्या थंडीत. त्याला काय ठाऊक, आई त्याला कोण समजतेय ते.

म्मे मालेबोनाला मात्र कळलं. तिनं सेलोकोला कोपरानं मागे ढकललं आणि मोठ्यानं म्हणाली, "खरंच, केरच दिसतोय हो. चला न्ताते, इथे घेण्यासारखं काही नाही." त्याला गाडीपर्यंत घेऊन गेली. तो म्हणत होता, "पण ताप?" ती म्हणाली, "ताप थांबेल. तुम्ही आधी चालायला लागा, आणि तो कोट काढा!"

मग मागून परसातल्या खिडकीशी येऊन मला सांगितलं. तुला सांगते, मला माहीत नव्हतं हे. तू तर जन्मलीच नव्हतीस. मी लहान होते तेव्हा कुणी नुसतं 'गुटगुटीत आहे पोर' म्हटलं की आईचं काळीज उडायचं. मला चिमटा काढून रडवायची, म्हणायची, केर आहे, किरकिरा आहे. चांगलं पांघरूण कधी घातलं नाही, पोतं घालायची आणि रात्रभर त्यावर स्वतःच्या अंगाचं पांघरूण घालायची. मला साधी शिंक आली की तोंडाला राख. म्मे मालेबोना म्हणाली, "तुझ्या आईनं तुला कधी 'माझी' म्हटलं नाही. आधीच्या दोघांना 'माझं' म्हटलं होतं तिनं."

"पण ती दोघं तर तिला आठवतही नाहीत!" मी म्हटलं.

"दोघं नाही आठवत," म्हणाली. "भीती आठवते. ती कुठे जाईल?"

रडू राहिलं होतं तसं, मला वाटलं. कारण गेलं आणि ते राहिलं. तीनच दिवस टिकलं होतं ते. हे बावन्न वर्षं टिकलंय.

त्या गुरुवारच्या बायकांचं आठवतं तुला, लिहिलं होतं मी. शंभर वर्षं दे म्हणाली ती म्मे माखोत्सो, मोठ्यानं, दार उघडं टाकून. आणि मी नक्षीसाठी रडत बसले.

आई वळली. मी उभी आहे हे बघून तिनं मला दंडाला धरून पोत्यावर बसवलं, जोरात, प्रेमानं वगैरे काही नाही. "मेली नाहीस अजून?" असं ओरडली, दाराकडे तोंड करून, बाहेर ऐकू जाईल असं. मग खाली वाकली. तिच्या तोंडाला आंबिलीचा वास येत होता. माझ्या कानाशी, अगदी हळू म्हणाली, "गप राहा. गेला नाहीये तो अजून."

आणि ते कणसाच्या नक्षीचं ब्लँकेट तिनं स्वतःच्या अंगावर घेतलं, माझ्या पोत्याला पाठ लावून बसली, दाराकडे बघत. ऊब येत होती, लिनेओ. पोत्यातून येत होती.

दुसऱ्या दिवशी सेलोको कोट न घालता आला आणि मला परसदारानं दवाखान्यात घेऊन गेला. सुई घेतली. आता खोकला आहे, बाकी बरी आहे. गाठोडं सोडलं. कपडे परत खुंटीला लावले.

तू ये. जुलैअखेर, ठरल्याप्रमाणे. येताना केस उतरवून ये असं मी म्हणणार नाही, ते आता कुणाला आठवतंय, मी सोडून. तू आलीस की आई तुला ओळखेल किंवा नाही ओळखणार, पण लिनेओ म्हणेल. मला म्हणते तर तुला का नाही म्हणणार. ब्लँकेटखालचं कणीस देईल. निळ्या झग्याचं सांगेल, कात्रीचं सांगेल. गोड गोड सगळं तुझं आहे, घे. मी आता मध्ये येणार नाही.

पण तिला नेता येणार नाही तुला. विचारून बघ हवं तर. तुझ्या खोलीला दोन कुलपं आहेत, तिथे आईला काय काम? तुझ्यासाठी ती कधी दारात उभी राहिली नाही. तुझ्याबद्दल तिला कधी भीतीच वाटली नाही. आठव, एकदा तरी तुझ्या तोंडाला राख लावली का? नाही ना? मग आता तू जळ थोडी. मी खूप जळले, माझं झालं.

आणि आलीस की दारातूनच 'माझी आउसी किती केलंस गं सगळं' असं गळ्यात पडून रडू नकोस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे. तिच्या देखत माझं एक चांगलं बोललीस तर आई दिवसभर दार अडवून उभी राहील, आणि तिचे पाय सुजतात. माझ्याकडे बघ, तोंड वाकडं कर आणि म्हण, "हा केर अजून इथेच का?" एवढं कर माझ्यासाठी.

पाकिटावर नाव नीट लिही. अगाथा म्हणून इथे कुणी राहत नाही.

मात्लाकाला